तेरवी, कर्ज आणि गाडगेबाबा: आयुष्य वळण घेतं तेव्हा कोणाचं ऐकायचं?

एपिसोड ऐकला असेल तर उत्तमच. पण ज्यांचा आजचा डेटा संपलाय, जे एसटीत बसलेत आणि शेजारच्या सीटवर कोणी मोठ्याने रील लावलंय, किंवा ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना शंभर वेळा आलेलं 'म्हणजे' आणि 'काय आहे ना' काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच आहे. यावेळचं रेकॉर्डिंग बोरी अरबच्या घरी केलंय, त्यामुळे मधूनमधून कोंबड्याचा आवाज येईल. त्याला एडिट करता आलं नाही.

आजचा विषय थोडा अवघड आहे. इन्स्टाग्राम उघडलं की दर तिसरा माणूस लाइफ कोच असतो. कोणी करिअर बदलायला मदत करतो, कोणी ब्रेकअपमधून बाहेर काढतो, तर कोणी ध्यान आणि बिझनेस एकाच वीकेंडला शिकवतो. आणि आपल्या गावाकडे? तिथे हे काम आधीपासून कोणीतरी करतच आलंय. कीर्तनकार, भजनी मंडळातले आजोबा, तांड्यातले नाईक-कारभारी, विहारातले भंतेजी, मशिदीतले मौलाना. त्यांच्या कामाला आपण कोचिंग म्हणत नाही, एवढंच. पण घरात जन्म, लग्न, आजारपण, मरण आलं की पहिला फोन यांनाच जातो.

मग प्रश्न असा, की श्रद्धेच्या बळावर लोकांना वाट दाखवणारी ही माणसं नेमकं काय करतात? त्यातलं खरंच उपयोगी काय, आणि घातक काय? हे समजून घ्यायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपल्या वऱ्हाडातच याचं एक जबरदस्त उदाहरण होऊन गेलंय.

बदल वेगळा, स्थित्यंतर वेगळं

आधी थोडी थिअरी. घाबरू नका, परीक्षा नाही.

विल्यम ब्रिजेस नावाच्या अमेरिकन लेखकाचं १९८० साली 'ट्रान्झिशन्स' नावाचं पुस्तक आलं. त्यात एक साधा फरक सांगितलाय. बदल बाहेर होतो. नोकरी गेली, लग्न झालं, वडील गेले. तो एका दिवसात होतो आणि त्याला तारीख असते. स्थित्यंतर मात्र माणसाच्या आत होतं, आणि त्याला वेळ लागतो. त्याचे तीन टप्पे असतात. पहिल्यात जुनं संपतं. मग येतो मधला काळ, ज्यात जुनं सुटलेलं असतं आणि नवं हातात आलेलं नसतं. आणि शेवटी नवी सुरुवात.

आपल्या इंजिनिअर मंडळींना हे लगेच कळेल. जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर डेटा हलवताना मधे काही तास असे असतात, की जुनी सिस्टीम बंद केलेली असते आणि नवी पूर्ण चालू झालेली नसते. सगळे गोंधळ त्याच वेळात होतात. माणसाचंही तसंच आहे, फक्त तिथे बॅकअप नसतो.

ब्रिजेसच्या कितीतरी आधी, १९०९ साली, आर्नोल्ड व्हान गेनेप नावाच्या अभ्यासकाने जगभरातल्या विधींचा अभ्यास करून हेच तीन टप्पे मांडले होते. माणसाला जुन्या जागेवरून वेगळं करणं, काही काळ उंबरठ्यावर ठेवणं आणि मग नव्या जागी समाजात परत घेणं. आता आपल्याकडचे मरणानंतरचे तेरा दिवस आठवून बघा. घराला सुतक लागतं, म्हणजे ते घर नेहमीच्या व्यवहारातून बाजूला होतं. तेरा दिवस लोक येऊन बसतात, रडतात, आठवणी काढतात. तेराव्या दिवशी तेरवी होते, आणि अनेक घरांत नातेवाईक मोठ्या मुलाला टोपी-दुपट्टा देतात. त्याचा अर्थ, बाबा, आता या घराचा कर्ता तू.

म्हणजे हा विधी मुळात डोकं लावून घडलेला आहे. तो दुःखाला एक वेळापत्रक देतो. अडचण विधीची नाही, अडचण त्याच्या बिलाची आहे.

एक व्हॉइस नोट

हा एपिसोड ज्यामुळे केला ती गोष्ट आता सांगतो. श्रोत्याची परवानगी घेतलीय. नाव-गाव सांगणार नाही.

आपल्याच जिल्ह्यातला तेवीस वर्षांचा पोरगा. पुण्यात एका कंपनीत सपोर्टचं काम करतो, नोकरीला अजून वर्षही झालेलं नाही. वडील अचानक गेले. पाचव्या दिवशी रात्री अकरा वाजता त्याची व्हॉइस नोट आली. आवाज एकदम सपाट होता. तो म्हणाला, "दादा, मोठे काका म्हणतात तेरवीला सगळं गाव जेवलं पाहिजे. घरात पैसा नाही. सोयाबीनचे पैसे दवाखान्यात गेले. काका म्हणतात, सावकाराकडून काढू, मग फेडू. आई काहीच बोलत नाही. आणि मला सगळे म्हणतात, आता नोकरी सोड आणि शेती बघ. मी काय करू?"

बघा, यात दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही एकमेकांत अडकलेत. एक पैशाचा, ज्याला आठ दिवसांची मुदत आहे. दुसरा आयुष्याचा, ज्याला खरं तर कोणतीच मुदत नाही, पण लोकांनी तीही तेराव्या दिवसाचीच करून टाकली.

कर्जावरच्या तेरवीचा प्रश्न आपल्या भागात नवा नाही. एका माणसाने आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलं.

देबूजी जानोरकर, वय २८

गाडगेबाबांचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. अंगावर चिंध्यांचा पेहराव, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. शाळेत आपण 'स्वच्छतेचे संत' असं एक वाक्य पाठ केलं आणि विषय संपवला. पण त्यांची गोष्ट स्थित्यंतराच्या चष्म्यातून बघा.

जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. नाव देबूजी झिंगराजी जानोरकर, परीट समाजातलं घर. देवाला बकरं कापायचं, जातभाईंना मटण आणि दारूची पंगत द्यायची, ही तेव्हाची रीत. त्या रीतीतून वडिलांना दारू लागली आणि दारूतच ते गेले. देबू लहान होता. आई त्याला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी गेली. मामाकडे पोरगा गुरं राखायला, शेतात राबायला शिकला. पुढे मामाची जमीनही सावकाराच्या कर्जात गेली. म्हणजे व्यसन, रीतीरिवाज आणि कर्ज ही साखळी त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. ती त्यांच्या घरातून गेली होती.

मग त्यांना मुलगी झाली. बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू हवी होती. देबूजींनी गोडाचं जेवण घातलं. जातभाई चिडले. पण लक्षात घ्या, लोकांना उपदेश करायच्या कितीतरी आधी या माणसाने स्वतःच्या घरच्या कार्यात रीत मोडली आणि त्याची किंमत दिली.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. तेव्हा त्यांचं वय २८ होतं, २९ पूर्ण व्हायला तीन आठवडे कमी. मीही साधारण त्याच वयाचा आहे, म्हणून हा आकडा मला जरा लागतोच. मागे म्हातारी आई, बायको कुंताबाई आणि मुलं. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलू. त्यांच्या या निर्णयाची किंमत कुंताबाईंनी मोजली, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. संतांच्या गोष्टी सांगताना आपण ही बाजू पटकन गुंडाळतो. एखाद्याचं मोठं स्थित्यंतर हे घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी लादलेलं स्थित्यंतर असतं. नोकरी सोडून स्टार्टअप करायला निघालेल्या मंडळींनी हे वाक्य लिहून ठेवा.

ते नेमकं काय करायचे?

पुढची जवळजवळ ५० वर्षं हा माणूस गावोगाव फिरला. शिष्य केले नाहीत, मी कोणाचा गुरू नाही असंच सांगत राहिले. तरी लोक ऐकायचे. का? त्यांच्या पद्धतीतून मला चार गोष्टी दिसतात.

*एक, आधी झाडू आणि मग शब्द.* गावात आले की आधी रस्ते आणि नाल्या साफ करायचे. दिवसभर घाण उपसायची आणि रात्री कीर्तन. दिवसा ज्या माणसाला आपल्या दारातली नाली काढताना पाहिलं, त्याचं रात्री कोण ऐकणार नाही? नेतृत्वावरची भारी पुस्तकं जे विश्वास कमावणं म्हणतात ते यापेक्षा वेगळं नाही.

*दोन, उत्तर सांगायचं नाही, वदवून घ्यायचं.* त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या हजारो लोकांशी वऱ्हाडी बोलीत चाललेल्या गप्पा. ते विचारायचे, लोक ओरडून उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा. देव कुठे असतो, कर्ज काढून सण करावा का, बकरं कापल्याने देव पावतो का. शेवटी लोक स्वतःच्याच तोंडाने म्हणायचे, की आपण चुकतोय. आजच्या कोचिंगच्या ट्रेनिंगमध्ये पहिला धडा हाच असतो की सल्ला देऊ नका, प्रश्न विचारा. शाळेत न गेलेला माणूस हे शंभर वर्षांपूर्वी मैदानात, माइकशिवाय करत होता.

*तीन, काय सोडायचं यासोबत काय धरायचं तेही सांगायचं.* कर्ज काढून लग्न करू नका, दारू सोडा, तिथीला गावजेवण घालू नका, एवढंच सांगून ते थांबले नाहीत. वाचलेला पैसा मुलांच्या शिक्षणात घाला. ताट मोडावं लागलं तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला लुगडं कमी किमतीचं घ्या, पण पोरांना शाळेत घाला, असा त्यांचा आग्रह असायचा. रीत नुसती काढून घेतली तर माणसाला पोकळी वाटते. त्या जागी दुसरं काही ठेवलं तर तो टिकतो.

*चार, राहायची सोय.* हा मुद्दा मला सगळ्यात भारी वाटतो. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना कोणी उतरू देत नव्हतं, तर त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. ती वास्तू १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मुंबईत दादरला आजही त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरवर उपचार घ्यायला आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. घरात कॅन्सर निघाला, हे केवढं मोठं वळण! अशा वेळी मुंबईत उतरलेल्या माणसाला प्रवचन नको असतं. त्याला अंग टेकायला जागा, जेवण आणि आपल्यासारखीच चार माणसं हवी असतात. मधला काळ निभावून न्यायला कधीकधी एक खोलीच लागते.

आणि हे सगळं करणारा माणूस नास्तिक नव्हता. तोंडात विठ्ठलाचं नाव होतं. पंढरपूरला जायचे, पण देवळात जाण्याऐवजी बाहेर वाळवंट झाडायचे. मी जिथे मरेन तिथेच अंत्यसंस्कार करा, माझं मंदिर नको, मूर्ती नको, असंही सांगून ठेवलं होतं. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला ते गेले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर बरोबर चौदा दिवसांनी.

दुःख गिळायचं का?

१९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना त्यांचा मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. ही गोष्ट आपल्याकडे फार कौतुकाने सांगितली जाते.

मला त्या माणसाबद्दल आदरच आहे. पण ही गोष्ट ऐकून जर कोणी बाप गेलेल्या पोराला सांगत असेल, की "मर्दासारखा राहा, रडू नको, बघ बाबा कसे उभे राहिले", तर तिचा गैरवापर होतोय. गाडगेबाबांनी अठरा वर्षं सगळा संसारच बाजूला ठेवला होता. तो त्यांचा मार्ग, त्यांनी निवडलेला. आपल्या त्या श्रोत्याच्या सपाट आवाजाला वैराग्य म्हणायचं नसतं. तो धक्का असतो. आपल्या जुन्या विधीत लोक रडायलाच येऊन बसतात, त्यामागे शहाणपण आहे.

एका माणसाकडून मंडळाकडे

गाडगेबाबांची एक मर्यादा होती. सगळा जोर एका माणसावर. तो माणूस गेला की पुढे काय? याचं उत्तर शोधलं तुकडोजी महाराजांनी.

जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. खंजिरीवर भजन म्हणायचे आणि त्यांनी माणसं जोडली. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम सुरू केला. १९४२ च्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. १९५५ साली त्यांची ग्रामगीता आली. ४१ अध्याय, आणि विषय बघा: ग्रामशुद्धी, आरोग्य, शिक्षण, महिलांची उन्नती, लग्न, अंत्यसंस्कार. गावातल्या माणसाच्या आयुष्यात जेवढी वळणं येतात, तेवढ्यांवर बोलणारं हे पुस्तक आहे.

पण पुस्तकापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गुरुदेव सेवा मंडळ आणि सामुदायिक प्रार्थना. रोज संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसायचं, जात-धर्म न बघता. आपल्या भागात कितीतरी गावांत अजूनही बसतात. याचा फायदा असा, की संकट आल्यावर माणूस शोधायला लागत नाही. ओळख आधीच झालेली असते. रोज शेजारी बसणारा माणूस दोन दिवस आला नाही तर कोणीतरी घरी जाऊन विचारतं, "काहून बाप्पा, तब्येत बरी नाही काय?" हा एक प्रश्न कितीतरी वेळा औषधाआधी पोचतो.

दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीत लाखोंची गर्दी होते आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे एकाच वेळी स्तब्ध उभे राहतात. जमलं तर एकदा जाऊन या. शांतता एवढ्या लोकांची असली की ती ऐकू येते.

मग त्या पोराचं काय झालं?

आता परत त्या दोन प्रश्नांवर येऊ.

मी इंजिनिअर माणूस. मी त्याच्या काकांना फोन करून "तेरवीवर खर्च करणं अतार्किक आहे" असं सांगितलं असतं तर काय झालं असतं? काकांनी फोन ठेवला असता, आणि वर पोराला म्हणाले असते, की पुण्याला जाऊन लय शहाणा झाला. कारण काकांची अडचण हिशोबाची नव्हतीच. त्यांना भीती होती, की भावाची तेरवी नीट केली नाही तर लोक काय म्हणतील आणि भावाच्या आत्म्याचं काय होईल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. त्यावर एक्सेल शीट चालत नाही.

म्हणून मी त्याला एकच विचारलं, "तुमच्या गावात असा कोण आहे, ज्याचं काका ऐकतात?" तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, सेवा मंडळाचे एक आजोबा आहेत.

आजोबा दुसऱ्या दिवशी घरी गेले. पोराने सांगितलं त्यावरून, त्यांनी कोणालाच नावं ठेवली नाहीत. आधी तासभर नुसते बसले. काकांना भावाच्या आठवणी विचारल्या. मग विचारलं, "त्याला कर्ज आवडत होतं काय?" काका रडले. मग आजोबा म्हणाले, तेराव्याला आपण सामुदायिक प्रार्थना घेऊ, भजन करू, घरच्या आणि भाऊबंदांच्या जेवणापुरता स्वयंपाक करू, मी स्वतः येतो.

तसंच झालं. वरण, भात, भाजी. सगळे खूष झाले असं नाही. एक नातेवाईक न जेवता निघून गेले. पण सावकाराच्या दारात कोणी गेलं नाही.

श्रद्धेतून आलेला नेता नेमकं काय करतो, याचं उत्तर मला इथे मिळालं. तो माणसाला परवानगी देतो. वेगळं वागलास तरी तू वाईट मुलगा नाहीस, वाईट भाऊ नाहीस, हे सांगायचा अधिकार गावाने त्याला दिलेला असतो. तो अधिकार माझ्यासारख्या बाहेरून ज्ञान देणाऱ्याकडे नसतो, आणि फी घेऊन झूमवर भेटणाऱ्या कोचकडेही नसतो.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी बोललो. नोकरी सोडायची की नाही, हे आत्ता ठरवू नको म्हटलं. मधल्या काळात घेतलेले कायमचे निर्णय बहुतेकदा दुसऱ्याच्या घाईतून घेतलेले असतात. रजा वाढवून माग, घरून काम मिळतं का बघ, एक हंगाम जाऊ दे. तोवर हातात घेता येतील अशी कामं आहेत. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. सातबाऱ्यावर वारस लावायला तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. वडिलांचं पासबुक नीट बघायचं. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापले गेले असतील तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची रक्कम असते, आणि तो विमा दोन लाखांचा असतो. कितीतरी घरांना हे माहीतच नसतं, आणि तिकडे सावकाराकडे जायची तयारी चाललेली असते. हे काम कोरडं वाटेल, पण अशा दिवसांत रोज एक कागद पुढे सरकला तर माणसाला आपले पाय जमिनीवर असल्यासारखं वाटतं.

बुवा, कोच आणि आपण: ओळखायचं कसं?

आता दुसरी बाजू. माणूस मधल्या काळात सगळ्यात कमजोर असतो, आणि हे भोंदूंना आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला होता. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा या कायद्याने गुन्हा आहे.

कोचिंगचंही तसंच जपून घ्यायचं. आपल्या देशात लाइफ कोच म्हणवून घ्यायला सरकारी परवाना लागत नाही. अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेली कोचेसची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, ती प्रमाणपत्रं देते, पण ते ऐच्छिक. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. हा फरक पैसे भरायच्या आधी लक्षात ठेवा.

मी स्वतःसाठी पाच प्रश्न ठरवलेत. भगवे कपडे असोत, कोट असो की पॉडकास्टचा माइक, सगळ्यांना हेच लावा.

१. हा माणूस मला माझ्या घरच्यांपासून, मित्रांपासून तोडतोय का?
२. डॉक्टरकडे जायला किंवा औषध घ्यायला अडवतोय का?
३. माझं दुःख वाढलं की त्याची कमाई वाढते का?
४. त्याला प्रश्न विचारलेला चालतो का?
५. सहा महिन्यांनी मला त्याची गरज कमी वाटेल की जास्त?

गाडगेबाबांना हे पाच प्रश्न लावून बघा. शिष्य नाहीत, स्वतःच्या नावावर मालमत्ता नाही, कीर्तनच प्रश्नांचं. पास.

जिथे भजन पुरत नाही

शेवटचा मुद्दा, आणि यवतमाळचा असल्यामुळे तो टाळून चालणार नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर कशासाठी घेतलं जातं ते तुम्हाला माहीत आहे. पीक गेलं, कर्ज वाढलं आणि माणूस गेला, अशी घरं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. तिथे दुःख आणि आजार यातला फरक कळायला हवा. झोप पूर्ण गेली, जेवण तुटलं, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नाही, मरणाच्या गोष्टी निघतात, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा एक उपक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी लोकांशी नैराश्यावर बोलायला सुरुवात केली. त्याचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात आले. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने हा आकडा सत्तावीसवर गेला. ओळखीच्या माणसाने, आपल्या भाषेत, घरी येऊन विचारलं, तर लोक बोलतात. सेवा मंडळाच्या आजोबांची ताकद आणि या कार्यकर्त्यांची ताकद एकाच ठिकाणाहून येते. म्हणून भजनी मंडळातल्या माणसाला डॉक्टरचा नंबर माहीत असणं आणि डॉक्टरला भजनी मंडळ माहीत असणं, दोन्ही लागतं.

एक नंबर आत्ताच सेव्ह करा: टेलिमानस, १४४१६. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी नाही वाटलं तरी सेव्ह करा. तुमच्या कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये कोणालातरी तो लागेल, आणि त्या वेळी गुगल करत बसायला वेळ नसेल.

पुढच्या एपिसोडमध्ये पोहरादेवी आणि तांड्यातल्या नाईक-कारभारी पद्धतीवर बोलायचंय. दारव्हा, दिग्रस, मानोरा भागातली जी बंजारा मंडळी ऐकताय, तुमच्या तांड्यात मरणाच्या किंवा लग्नाच्या वेळी निर्णय कोण घेतं, आणि पोरं शहरात गेल्यावर त्यात काय बदललं, ते व्हॉइस नोटवर पाठवा. दोन मिनिटांच्या आत पाठवा रे, मागच्या वेळी एकाने बावीस मिनिटांची पाठवली होती. ऐकली मी, पूर्ण ऐकली.

भेटू. काळजी घ्या.